शाळेच्या निवडणुकीत मी पडलो!

निवडणुकीत पडलेली माणसे सहसा लेख लिहीत नाहीत. ती मतदारयादीतल्या चुका दाखवतात, नाहीतर प्रकृतीचे निमित्त सांगून चार दिवस बाहेरगावी जातात. मला यांतले काहीच करावे लागले नाही. मी ज्या निवडणुकीत पडलो ती इतकी लहान होती, की तिची बातमी आमच्या आळीच्या पलीकडे गेली नाही. एकूण मते सतरा. समोरच्या उमेदवाराला पंधरा आणि मला दोन. त्या दोनांपैकी एक माझे स्वतःचे होते. दुसरे कोणाचे, याचा उलगडा अगदी परवा, हा लेख लिहीत असताना झाला. तो शेवटी सांगतो.

निवडणूक होती आमच्या गावच्या नगरपालिकेच्या प्राथमिक शाळेच्या व्यवस्थापन समितीची. एम. ए. झालेल्या आणि कॉलेजात पंधरा-वीस वर्षे मराठी शिकवणाऱ्या माणसाला तिथे उभे राहण्याची बुद्धी कशी झाली, हे आधी सांगितले पाहिजे.

एक साधा प्रश्न

तीन-साडेतीन वर्षांपूर्वीची गोष्ट. २७ फेब्रुवारीला, कुसुमाग्रजांच्या जन्मदिवशी, आम्ही मराठीची प्राध्यापक मंडळी फार मागणीत असतो. त्या दिवशी मराठी भाषा गौरव दिन असतो आणि गावोगाव व्याख्याने होतात. मीही एका सभागृहात ‘मराठी शाळा जगल्या पाहिजेत’ या विषयावर पाऊण तास बोललो. टाळ्या पडल्या. शेवटी प्रश्नोत्तरे झाली, तेव्हा मागच्या रांगेतली एक मुलगी उठली आणि अगदी साधेपणाने म्हणाली, “सर, तुमची मुलगी कोणत्या शाळेत आहे?”

प्रश्नात खोच नव्हती. म्हणूनच तो लागला. आमची मुलगी तेव्हा एका इंग्रजी शाळेच्या बालवर्गात होती. मी घसा खाकरला, पाणी प्यालो, “हा प्रश्न वैयक्तिक नसून सामाजिक आहे” असे काहीतरी पुटपुटलो आणि खाली बसलो. त्या रात्री मला झोप आली नाही.

घरी विषय काढला तेव्हा आमच्या सौ.ने एकाच वाक्यात माझी बोलती बंद केली. ती बँकेत आहे. हिशेब तिला चटकन कळतात. ती म्हणाली, “तत्त्वे तुमची, आणि प्रयोग माझ्या मुलीवर का?”

याला माझ्यापाशी उत्तर नव्हते. बरेच दिवस घरात अबोला आणि चर्चा आलटून पालटून चालली. अखेर तह झाला: एक वर्ष नगरपालिकेच्या शाळेत घालून पाहायचे. मुलीचे नुकसान होते आहे असे सौ.ला वाटले, तर त्या दिवशी नाव काढायचे आणि मी पुन्हा त्या विषयावर तोंड उघडायचे नाही.

जूनमध्ये मुलगी पहिलीत गेली. शेजाऱ्यांपैकी एकाने हळूच विचारले, “पगार थकलेत का हो कॉलेजचे?”

भिंतीवरचा फलक

शाळा घरापासून पाच मिनिटांवर. जुनी दगडी इमारत, पुढे चिंच, चार वर्ग. एके काळी इथे दोन पाळ्यांत मुले मावत नसत. आम्ही गेलो तेव्हा पहिली ते चौथी मिळून पट होता ६८, आणि मुख्याध्यापिका बाई धरून शिक्षक होते दोन. त्यांतले गुरुजी बऱ्याचदा मतदारयाद्यांच्या कामावर. शिक्षणहक्काच्या कायद्याने शिक्षकांना इतर कामे लावायला बंदी आहे. पण जनगणना, आपत्तिनिवारण आणि निवडणुका ही तीन कामे त्यातून वगळलेली आहेत. त्यामुळे गुरुजी घरोघर याद्या तपासत फिरत आणि बाई एकटीने चार वर्ग सांभाळत. एका वर्गाला फळ्यावर शुद्धलेखन, दुसऱ्याला पाढे, तिसऱ्याला चित्र, आणि चौथ्याला “आवाज करू नका!”

कार्यालयाच्या बाहेर एक फलक रंगवलेला होता: ‘शाळा व्यवस्थापन समिती’. खाली बारा नावे. त्यांतल्या निम्म्या लोकांची मुले शाळा सोडून केव्हाच हायस्कुलात गेली होती. मी घरी येऊन कायदा उघडला. २००९ चा हा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याचे २१ वे कलम सांगते, की सरकारी आणि नगरपालिकेच्या प्रत्येक शाळेला अशी समिती हवी. तिच्यात तीन चतुर्थांश सभासद पालक हवेत. निम्म्या स्त्रिया हव्यात. आपल्या राज्यात समिती दर दोन वर्षांनी नव्याने निवडायची आणि महिन्यातून एकदा तरी तिची सभा व्हायची. शाळेच्या कामावर देखरेख ठेवणे, आलेला पैसा कुठे गेला ते पाहणे आणि शाळेच्या विकासाचा आराखडा करणे ही तिची कामे.

मला आनंदाने उडी मारावीशी वाटली. या अधिकाराची किंमत जुन्या पिढ्यांना विचारावी. महात्मा फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर कमिशनपुढे बहुजनांच्या मुलांसाठी सक्तीचे प्राथमिक शिक्षण मागितले. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९११ मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळात त्याचे विधेयक आणले. ते पुढच्या वर्षी १३ विरुद्ध ३८ मतांनी फेटाळले गेले. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ मध्ये आपल्या संस्थानापुरते शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले. स्वातंत्र्याच्या वर्षी, १९४७ मध्ये, मुंबई प्रांताने प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला. त्याखाली शहरोशहरी जी शिक्षण मंडळे चालत, त्यांचे सभासद नगरसेवक निवडत. मुलाच्या आईबापाला त्यात मत नसे. ती मंडळेही गेल्या दहा-बारा वर्षांत मोडीत निघाली. आता मुलाच्या आईला थेट मत आहे. आणि हे मत आमच्या शाळेत भिंतीवरच्या जुन्या रंगाखाली पडून होते!

मी बाईंना म्हटले, “समितीची मुदत संपली आहे. नवी निवडणूक घ्या. मी उभा राहतो.”

बाई माझ्याकडे जरा वेळ पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, “सर, सभेला पालक आले तर निवडणूक!”

माझा जाहीरनामा

जुलैत पालकसभेची नोटीस निघाली: मंगळवार, सकाळी अकरा. त्या वेळी आले चार पालक. त्यांतला एक मी. बाकीचे कोणी गवंड्याच्या हाताखाली, कोणी धुण्याभांड्याला, कोणी रिक्षावर. अकरा वाजता शाळेत यायचे म्हणजे दिवसाची मजुरी घालवायची. सभा तहकूब झाली.

शाळेच्या फाटकासमोर एक बाई कोळशाच्या इस्त्रीची टपरी चालवतात. त्यांची मुलगी आमच्या मुलीच्याच वर्गात. त्या रस्ता ओलांडून आल्या आणि बाईंना म्हणाल्या, “मॅडम, सभा सांजच्याला सातला लावा. मी सांगते सगळ्यांना.” पुढच्या मंगळवारी सात वाजता वर्ग भरून माणसे व्हरांड्यात उभी होती.

पहिलीच्या पालकांच्या वाट्याला समितीच्या दोन जागा होत्या. एक बिनविरोध गेली. दुसरीसाठी मी उभा होतो, आणि ऐनवेळी कोणीतरी इस्त्रीवाल्या ताईंचे नाव सुचवले. मला वाटले, चला, नावापुरती लढत झाली म्हणजे लोकशाहीची शोभा वाढेल.

मी दहा कलमांचा जाहीरनामा छापून आणला होता. त्यात ‘सर्वांगीण विकास’ तीनदा आला होता. मी बारा मिनिटे बोललो. फुले आणले, गोखले आणले, शाहू महाराज आणले. शेवटी आवाज चढवून म्हणालो, “तुमच्या मुलांच्या भवितव्यासाठी मी झटेन!”

मग ताई उठल्या. पदराला हात पुसत म्हणाल्या, “मला काय बोलता येत न्हाई. पण आपल्या पोरींच्या संडासाला कुलूप हाय, अन् त्याची किल्ली कुनाकडं हाय ते मी इचारनार हाय.” आणि बसल्या.

चिठ्ठ्या टाकल्या गेल्या. निकाल मी वर सांगितलाच आहे. घरी परतताना मी स्वतःची समजूत घालत होतो, की गोखल्यांचेही विधेयक पडले होते. मग आठवले, गोखल्यांना निदान तेरा मते तरी मिळाली होती.

दुसऱ्या दिवशी बाईंनी माझ्या पराभवाची मीमांसा केली. त्या म्हणाल्या, “सर, तुम्ही बोललात छान. पण तुम्ही ‘तुमच्या मुलांच्या’ म्हणालात. त्या ‘आपल्या पोरींच्या’ म्हणाल्या.”

वाचकहो, मी प्रथम वर्षाच्या वर्गाला दरवर्षी शिकवतो, की मराठीत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ अशी दोन सर्वनामे आहेत. ऐकणाऱ्याला बाहेर ठेवते ते ‘आम्ही’, त्याला पोटात घेते ते ‘आपण’. इंग्रजीला हे भाग्य नाही, असेही मी जरा अभिमानाने सांगतो. आणि माझी स्वतःची मुलगी ज्या वर्गात बसते, त्या वर्गाच्या पालकांपुढे मी मात्र ‘तुमची मुले’ म्हणालो होतो! मुलगी शाळेत घातली होती, पण मी स्वतः अजून फाटकाबाहेरच होतो.

पाण्याची बाटली

त्याच आठवड्यात घरी संकट आले. सौ. रोज मुलीला पाण्याची बाटली भरून देई. ती संध्याकाळी भरलेलीच परत येते, हे तिच्या ध्यानात आले. दोन दिवस रागावून झाले, मग जवळ घेऊन विचारले, तेव्हा पोर म्हणाली, “पाणी प्यायलं की शूला जावं लागतं. आमच्या शाळेत मुलींना जायला जागाच नाही.”

सहा वर्षांची मुलगी सकाळी दहापासून संध्याकाळी पाचपर्यंत घोटभरही पाणी पीत नव्हती; आणि मी दहा कलमांत सर्वांगीण विकास मांडला होता.

सौ. म्हणाली, “संपले तुमचे वर्ष. उद्या नाव काढायचे.” मी मान खाली घालून बसलो. करारच तसा होता.

तेवढ्यात इस्त्रीवाल्या ताई दारात आल्या. हातात आमचे कपडे होते. पण काम वेगळे होते. त्या समितीच्या अध्यक्ष झाल्या होत्या. म्हणाल्या, “सर, तुमी हरलात त्याचं मनावर घेऊ नका. मला कायद्याचं वाचून दाखवा, अन् अर्ज लिवून द्या. बोलायचं मी बगते.” सौ.ने त्यांना बाटलीची हकिगत सांगितली. ताई थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “माझी पण तशीच करती. तुमची तुमी काढून न्याल ताई. माझी कुठं नेऊ?”

सौ.ने चहा ठेवला. नाव काढायचा विषय त्या दिवसापुरता मागे पडला, आणि पुढे तिनेच तो कधी काढला नाही.

कुलुपाची किल्ली

किल्ली सापडायला मुळीच कष्ट पडले नाहीत. ती बाईंच्या कपाटातच होती. कुलूप उघडले तेव्हा आत छतापर्यंत मोडकी बाके आणि जुनी दप्तरे रचलेली, पाण्याचा नळ तोडलेला. “मग बाके फेकून का देत नाही?” मी विचारले. बाई म्हणाल्या, “फेकून कशी देऊ? सरकारी मालमत्ता. निर्लेखन झाल्याशिवाय मोडक्या खुर्चीचा पायही हलवता येत नाही. दोनदा कागद पाठवले, उत्तर आले नाही.”

सरकारी शाळेचे घोडे कुठे अडते, ते मला त्या दिवशी कळले. बाई आळशी नव्हत्या, वरचे अधिकारी दुष्ट नव्हते. एक कागद होता, आणि त्याच्या मागे उभे राहायला माणूस नव्हता.

आम्ही कामे वाटून घेतली. समितीच्या सभेत निर्लेखनाचा ठराव झाला, इतिवृत्तात उतरला, सह्या झाल्या. अर्ज मी लिहिला. पहिला मसुदा अडीच पाने झाला, सौ.ने तो अर्ध्या पानावर आणला. कायद्याच्या परिशिष्टात मुलामुलींसाठी वेगळी स्वच्छतागृहे आणि पिण्याचे पाणी स्पष्ट लिहिले आहे, तेवढेच ठेवले. ताईंनी अर्ज स्वतः नेऊन दिला आणि आवक क्रमांक घालून, शिक्का मारून पोच घेतली. ‘पोच घेतल्याबिगर हलायचं न्हाई’ हा धडा त्यांनीच मला शिकवला. महिन्याने पुन्हा अर्ज. त्यानंतर २००५ च्या माहितीच्या अधिकाराखाली विचारणा, की आमच्या पहिल्या अर्जावर काय झाले? तिसऱ्या खेपेला ताईंबरोबर अकरा आया गेल्या. भांडण नाही, घोषणा नाही; नुसत्या बाकावर बसून राहिल्या. साहेबांनी कागद मागवला.

डिसेंबरात बाके हलली. जानेवारीत नळ बसला, दाराला आतून कडी लागली. त्या आठवड्यात आमच्या मुलीची बाटली रिकामी परत आली. सौ.ने ती माझ्यासमोर टेबलावर उलटी करून ठेवली आणि काही न बोलता स्वयंपाकघरात गेली. माझ्या आयुष्यातला तो सर्वांत मोठा पुरस्कार होय.

वाचनाचा प्रश्न

नळ बसला म्हणजे शाळा सुधारली असे नव्हे. मी शनिवारी चौथीच्या मुलांबरोबर वाचायला बसू लागलो. चौदांपैकी सहा मुले दुसरीच्या पुस्तकातला धडा अडखळत वाचत. त्यांतला एक मुलगा बापाच्या भाजीच्या गाडीवर सुट्ट्या पैशांचा हिशेब बिनचूक करी. पाटीवर हातच्याची वजाबाकी घातली की गप्प. डोके होते, पण ते पुस्तकाशी जुळत नव्हते.

बाईंना हे ठाऊक होते. त्या म्हणाल्या, “मला माणूस द्या, नाहीतर वेळ द्या.” माणसासाठी पुन्हा कायदा काढला. परिशिष्ट सांगते, की ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक आणि ६१ ते ९० पर्यंत तीन. आमचा पट ६८. पुन्हा ठराव, अर्ज, पोच. पुढच्या जूनमध्ये तिसरे शिक्षक आले.

मधल्या काळात बाई आणि गुरुजी सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटच्या शाळा पाहून आले. तिथे विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे यांच्या पुढाकाराने मुले जमिनीवर आखलेल्या तक्त्यांभोवती बसून, खडे, काड्या, बिया हाताळत, आपल्या आपण शिकतात. बाई परतल्या त्या दहा वर्षांनी तरुण होऊन. एका मुलाचे वडील रंगारी होते. त्यांनी दोन रविवार घालवून आमच्या वर्गांच्या फरशीवर संख्यारेषा आणि बाराखडी रंगवली. भाजीवाल्याच्या मुलाला हातच्याची वजाबाकी काड्यांच्या जुड्यांवर उमगली. “हे तर मोड दिल्यासारखंच!” तो ओरडला.

सगळे गोड झाले असे मी म्हणणार नाही. कुंपणाच्या भिंतीचा चौथा अर्ज अजून फिरतो आहे. काही मुले अजून भागाकाराला घाबरतात. निवडणुका आल्या की गुरुजी अजून याद्या घेऊन जातात. पण पट ६८ वरून ८१ वर गेला, आणि समितीची सभा दर महिन्याला, संध्याकाळी सातलाच भरते.

तुमच्या गल्लीतही नगरपालिकेची शाळा असेल. तुमची मुले तिथे नसतील. त्याबद्दल मी कोणाला बोल लावणार नाही, मीही त्याच वाटेवर होतो. पण दिवाळीची सुटी संपून शाळा उघडली, की एकदा आत जाऊन भिंतीवरचा तो फलक वाचा. नावे जुनी आहेत का पाहा. समितीला अर्ज लिहून देणारे कोणी हवे आहे का, विचारा. व्याख्यान देऊ नका; ते मी करून पाहिले आहे.

आता त्या दुसऱ्या मताविषयी. माझी पक्की समजूत होती, की ते आमच्या वर्गातल्या एका मुलीच्या वडिलांचे, ते दवाखान्यात कंपाउंडर आहेत, त्यांचे असावे. त्या कृतज्ञतेपोटी मी त्यांना तीन वर्षे भेटेल तिथे चहा पाजत आलो.

परवा ताई दिवाळीचे कपडे घेऊन आल्या. मी म्हटले, “ताई, आपल्या शाळेवर लिहितो आहे, ऐका जरा.” ‘आपल्या’ शब्दावर त्या किंचित हसल्या. कंपाउंडरच्या मतापर्यंत मी आलो, तेव्हा मात्र पदर तोंडाला लावून हसू लागल्या.

“त्यांचं कुठलं सर! ते मत माझं व्हतं.”

मी थक्क झालो. “तुम्ही मला मत दिलेत? स्वतः उभ्या असताना?”

“मग? आपलं नाव आपनच कसं लिवायचं? लाज न्हाई का वाटत?” त्या म्हणाल्या, आणि कपड्यांचा गठ्ठा टेबलावर ठेवून सौ.ला फराळाचे विचारायला आत गेल्या.

माझे मत मी कोणाला दिले होते, हे त्यांनी विचारले नाही. त्याबद्दल मी त्यांचा आभारी आहे.